साडेनऊ हजार गोळे, सव्वाशे नेम

३ जुलै १८९८. अमेरिका आणि स्पेन यांचं युद्ध चालू होतं. क्युबातल्या सांतियागो बंदराच्या तोंडाशी अमेरिकी आरमार महिनाभर दबा धरून बसलं होतं. त्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास आत अडकलेली स्पॅनिश जहाजं एकामागोमाग एक बाहेर पडली. आधी चार चिलखती क्रूझर, मागून दोन छोट्या विनाशिका. दुपारी दीड वाजेपर्यंत सहाच्या सहा जहाजांचा निकाल लागला होता. कुणी जळत किनाऱ्यावर चढलं, कुणी बुडालं. अमेरिकेचा त्या लढाईत एकच माणूस गेला.

अमेरिकेत जल्लोष झाला, तो व्हायलाच हवा होता. मग काही मंडळी त्या जळक्या सांगाड्यांवर चढून भोकं मोजायला गेली. अमेरिकी जहाजांनी सुमारे साडेनऊ हजार गोळे झाडले होते. लागल्याच्या खुणा सापडल्या सव्वाशेच्या आत. शंभरातला एक, फार तर सव्वा. बाकीचे सगळे समुद्रात.

त्याआधी दोनच महिने मनिलाच्या उपसागरात असंच झालं होतं. तिथे स्पॅनिश जहाजं बहुतेक नांगर टाकून उभी होती, म्हणजे ज्यावर नेम धरायचा ते निशाण हलतसुद्धा नव्हतं. तरी सुमारे सहा हजार गोळ्यांपैकी लागले दीडशेच्या आसपास. आणि ही जिंकलेल्यांची नेमबाजी बरं का! हरलेल्यांचं तर विचारूच नका.

‘गोलंदाज’ हा शब्द क्रिकेटने पळवला, त्याआधी तो तोफ डागणाऱ्याचा होता. तेव्हा आजचा प्रश्न असा की, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगातल्या सगळ्या आरमारांचे गोलंदाज इतके वाईड का टाकत होते? तोफा तर इतिहासातल्या सर्वांत मोठ्या होत्या.

उत्तराचा निम्मा भाग तुम्हाला गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये मिळेल. मी एकदा करून पाहिलं. वर्तमानपत्राची सुरळी केली, कोपर कठड्यावर टेकवलं, हात अजिबात हलवायचा नाही असं ठरवलं आणि सुरळीतून दूरच्या एका बोयाकडे बघायला लागलो. बोया दिसला, गेला. आधी नुसतं आकाश, मग नुसतं पाणी, मग पुन्हा क्षणभर बोया. शेजारच्या काकू माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती सोडून देऊ. बोया दिसताक्षणी टिचकी वाजवायची असा नियम मी केला होता, आणि दर वेळी टिचकी वाजेपर्यंत बोया सुरळीतून निसटलेला असायचा. त्या काळी जहाजावरची तोफ अशीच डागली जायची. नळीचा कोन अंतराप्रमाणे ठरवून पक्का करायचा, मग वाट बघायची. लाटेवर जहाज कलता कलता निशाण समोर आलं की बार.

यात चूक किती होते, त्याचा हिशेब पाठ्यपुस्तकाबाहेरचा नाही. समजा जहाज दोन्ही बाजूंना ५-५ अंश कलतंय आणि एक पूर्ण हेलकावा १२ सेकंदांचा आहे. झोपाळा जसा मधोमध सर्वांत वेगात असतो, तसं जहाजही डेक सपाट असतानाच सर्वांत झपाट्याने कलत असतं, सेकंदाला अडीच अंशांहून थोडं जास्तच. डोळ्याला दिसल्यापासून हाताने दोरी ओढेपर्यंत निष्णात माणसालाही ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात नळी अर्धा अंश सरकली. दीड किलोमीटरवर अर्धा अंश म्हणजे १३ मीटर, साधारण चार मजले. समोरच्या जहाजाची पाण्यावर दिसणारी भिंत असते पाच-सहा मीटरची. म्हणजे गोळा एक तर डोक्यावरून गेला, नाही तर अलीकडेच पाण्यात पडला. शिवाय दोरी ओढल्यावर दारू पेटून गोळा नळीबाहेर पडेपर्यंतचा क्षण मी धरलेलाच नाही.

शिडाच्या जहाजांच्या काळात याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तेव्हा लढाई व्हायची ती जवळजवळ अंगाला अंग लावून. चाळीस-पन्नास मीटरवरून समोर लाकडाची भिंतच असेल तर नेम कसला धरायचा? भराभर भरायचं आणि झाडायचं. ज्याचे हात चपळ तो जिंकला.

मग जहाजांनी लोखंड पांघरलं. फ्रान्सचं ‘ग्लॉयर’ १८५९ मध्ये पाण्यात उतरलं, इंग्लंडचं ‘वॉरियर’ पुढच्या वर्षी. वॉरियरचं चिलखत साडेचार इंच जाडीचं होतं. मार्च १८६२ मध्ये अमेरिकी यादवी युद्धात दोन चिलखती जहाजं काही तास एकमेकांवर जवळून गोळे फेकत राहिली आणि कुणीच बुडालं नाही. झालं, तिथून पुढची तीस वर्षं जाड पत्रा की मोठी तोफ, याच शर्यतीत गेली. ९ इंची तोफ, मग १०, मग १२, मग १६. १८८१ मध्ये दाखल झालेल्या ‘इन्फ्लेक्सिबल’वर मधल्या भागात २४ इंच लोखंड होतं, आणि एकेक तोफ ८० टनांची. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. पत्रा इंचात मोजता येतो, तोफ टनात मोजता येते, संसदेत आकडे वाचून दाखवता येतात. नेमाचा आकडा मात्र कुणी मागतच नव्हतं.

या शर्यतीतली दोन जहाजं आपल्या दारात उभी होती, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७० मध्ये इंग्लंडात ‘मॅगडाला’ आणि ‘अॅबिसिनिया’ ही दोन बुटकी चिलखती जहाजं बांधली गेली. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून जी अॅबिसिनियाची (म्हणजे आजच्या इथिओपियाची) मोहीम निघाली होती, तिच्यावरून ही नावं. डेक पाण्याच्या अगदी जवळ, त्यावर दोन फिरते बुरूज आणि प्रत्येकात दोन १० इंची तोफा. मॅगडालाने जवळजवळ सगळं आयुष्य मुंबईच्याच पाण्यात काढलं. मधूनमधून गोळाफेकीच्या सरावाला बाहेर जायची आणि परत यायची. या तोफा आपल्या गडांवरच्या तोफांसारख्याच तोंडातून भरायच्या होत्या. आधी दारूची पिशवी, मग गोळा, मग ठासणी.

पंचवीस-तीस टनांची तोफ बंद बुरुजात असताना तोंडातून भरायची कशी? ‘थंडरर’ या ब्रिटिश जहाजावर त्याची युक्ती होती. बार झाला की बुरूज फिरवून तोफांची तोंडं खाली झुकवायची. डेकखालून पाण्याच्या दाबावर चालणारा लांब दांडा वर यायचा आणि दारू-गोळा नळीत ठासून परत जायचा. माणसाला नळीत डोकवावं लागायचं नाही. किती सोयीचं!

२ जानेवारी १८७९ रोजी मार्मारा समुद्रात थंडरर सराव करत होतं. पुढच्या बुरुजातल्या दोन्ही तोफा एकदम डागायचा हुकूम झाला. एक उडाली, दुसरी उडालीच नाही. त्या दणक्यात, धुरात, कानांवर हात घेतलेल्या माणसांपैकी कुणाच्याच ते ध्यानात आलं नाही. यंत्राने दोन्ही तोफा मागे घेतल्या, झुकवल्या आणि दांड्याने पहिल्या दारू-गोळ्यावर आणखी एक दारू-गोळा ठासला. हाताने ठासणाऱ्या जुन्या गोलंदाजाला ठासणी अर्ध्यातच अडल्याचं लगेच कळलं असतं. यंत्राला कळत नाही. पुढच्या बाराला ३८ टनांची तोफ फुटली आणि ११ माणसं गेली. दुहेरी भरण्याचं हे कारण काहींना पटेना, म्हणून त्याच बुरुजातली दुसरी तोफ काढून लंडनजवळच्या वूलिचला, तोफांच्या सरकारी कारखान्यात नेली, मुद्दाम दोनदा भरली आणि डागली. तीही तशीच फुटली.

मागून भरायच्या तोफेत ही चूक होऊच शकत नाही, कारण आत आधीच गोळा असेल तर दुसरा जाणार कुठे? पण इंग्लंड मागून भरायच्या तोफांवर शेवटी आलं, त्यामागे हा अपघात जितका, तितकीच दारूही होती. जुनी काळी दारू एकदम भडकते, सगळा जोर नळीच्या बुडाशी देते. तिचे मोठे, दाबून घट्ट केलेले दाणे केले की ती सावकाश जळते आणि गोळ्याला नळीभर ढकलत राहते. मग फायदा हवा तर नळी लांब पाहिजे. आणि लांब नळीच्या तोंडाशी जाऊन भरणं जहाजावर शक्यच नाही. नळीचं बूड उघडण्यावाचून इलाज उरला नाही. त्यासाठी मळसूत्राचा अडसर आला. त्याचे आटे मध्येमध्ये कापलेले, म्हणजे आत सरकवायचा आणि थोडासा फिरवला की घट्ट. वायू मागे फुटू नये म्हणून पुढे एक छत्रीच्या आकाराचा तुकडा आणि त्यामागे मऊ गादी. दाब आला की गादी चेपून कडेने पसरते आणि फट बंद करते. कुकरच्या रिंगसारखंच की. दाब जितका जास्त, तितकी ती घट्ट बसते. या बदलानंतर गोळ्याचा वेग सेकंदाला सव्वाचारशे मीटरवरून शतकाच्या शेवटी सातशेपर्यंत गेला.

तोफांवरचा भरवसा मधल्या काळात इतका उडाला होता की लोक थेट टक्कर मारायच्या गोष्टी करू लागले. १८६६ मध्ये लिसा बेटाजवळ ऑस्ट्रियाच्या नौदलप्रमुखाच्या जहाजाने इटलीच्या एका चिलखती जहाजाला नाळेने, म्हणजे आपल्या पुढच्या टोकाने, धडक देऊन मिनिटांत बुडवलं. त्यावर पुढची कित्येक वर्षं प्रत्येक मोठ्या युद्धनौकेच्या नाळेखाली पाण्यात लोखंडी चोच बसवली गेली. तिने शत्रूपेक्षा आपलीच माणसं जास्त मारली असावीत, असं मला वाटतं. जून १८९३ मध्ये लेबनॉनमधल्या त्रिपोलीजवळ शांततेतल्या कवायतीत ब्रिटिश ‘कॅम्परडाउन’ने आपल्याच प्रमुखाच्या ‘व्हिक्टोरिया’ला ठोकरलं. ३५८ माणसं बुडाली, प्रमुखासह.

पुढच्याच वर्षी, १७ सप्टेंबर १८९४ रोजी, यालू नदीच्या मुखाजवळ चीन आणि जपानची आरमारं भिडली. युरोपातले तज्ज्ञ ज्या प्रयोगाची वीस वर्षं वाट पाहत होते तो हा. चीनकडे जर्मनीत बांधलेली ‘तिंगयुआन’ आणि ‘चेनयुआन’ ही दोन जाडजूड जहाजं होती, प्रत्येकीवर चार १२ इंची तोफा. जपानकडे इतकं जड एकही जहाज नव्हतं. त्यावर तोड म्हणून त्यांनी तीन हलक्या क्रूझरांवर प्रत्येकी एक भलीमोठी साडेबारा इंची फ्रेंच तोफ बसवून घेतली होती. सायकलच्या कॅरिअरवर कपाट बांधावं तसा प्रकार. तोफ बाजूला वळवली की जहाजच त्या अंगाला कलायचं. त्यांतल्या ‘मात्सुशिमा’वरच्या तोफेने अख्ख्या लढाईत चार गोळे झाडले.

जपानला तारलं ते वेगाने आणि झटपट तोफांनी. या मध्यम तोफा ६ इंची आणि ४.७ इंची होत्या. दारू पितळी पुंगळीत भरलेली, बंदुकीच्या काडतुसासारखी, आणि बार झाला की नळी मागे जाऊन तेलाच्या नळकांड्यांच्या आधाराने आपोआप जागेवर यायची. म्हणजे गोलंदाजाला दर वेळी अख्खी तोफ ढकलून पुन्हा नेम धरायला नको. १८८७ च्या इंग्लंडमधल्या चाचणीत ४.७ इंची तोफेने १० गोळे पाऊण मिनिटाच्या थोड्या वर झाडले. जुन्या ५ इंची तोफेला तेवढ्यालाच ५ मिनिटं लागली होती.

चिनी जहाजं एका आडव्या रांगेत आली, जपानी एकामागे एक. सुरुवातीलाच तिंगयुआनने स्वतःच्याच मोठ्या तोफा डागल्या, त्या हादऱ्याने वरचा पूल, म्हणजे जिथून हुकूम सुटतात तो मंच, कोसळला आणि नौदलप्रमुख तिंग रुचांग त्यात जखमी झाले. त्यानंतर चिनी आरमाराला एकसंध हुकूम असा राहिलाच नाही. जपानी जहाजं गोल फिरत बाजू भाजून काढत राहिली. लाकडी डेक पेटले, तोफांभोवतीची माणसं पडली. ‘चिहयुआन’ या चिनी क्रूझरने शेवटचा उपाय म्हणून टक्कर मारायला झेप घेतली, पण पोचण्याआधीच ते बुडालं. दिवसाखेर चीनची पाच जहाजं गेली होती, जपानचं एकही नाही.

पण त्या दोन जाड जहाजांचं काय झालं? तिंगयुआनला दीडशेहून जास्त गोळे लागले, चेनयुआनला दोनशेहून जास्त. मुख्य चिलखत एकाही गोळ्याने फोडलं नाही. दोघीही स्वतःच्या इंजिनांवर परत गेल्या. उलट चेनयुआनच्या एकाच १२ इंची गोळ्याने मात्सुशिमावरचा उघड्यावर ठेवलेला दारूगोळा पेटवून एका झटक्यात मोठा संहार केला. त्यामुळे झालं असं की ज्याला जे आधीपासून वाटत होतं, त्याला त्याचा पुरावा यालूत मिळाला. चिलखतवाले म्हणाले चिलखत जिंकलं, झटपट तोफवाले म्हणाले आम्ही. शेकडो गोळे समुद्रात गेले त्याकडे पुन्हा दुर्लक्षच.

धुराचं एक सांगायला हवं. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता बारीक घन कण होऊन बाहेर पडतो. दिवाळीत लवंगी माळ संपल्यावर गल्लीचं जे होतं, ते इथे दर मिनिटाला. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली, पण सगळ्या आरमारांत ती पोचायला वेळ लागला. मनिलात अमेरिकी प्रमुख ड्यूई यांना धुरापायी आपले गोळे लागतायत की नाही हेच दिसत नव्हतं. अशात निरोप आला की ५ इंची तोफांपाशी दर तोफेला फक्त १५ गोळे उरलेत. त्यांनी लढाई मध्येच थांबवून जहाजं मागे घेतली. नंतर उलगडा झाला की १५ उरले नव्हते, १५ उडाले होते. एव्हाना धूर विरला होता आणि स्पॅनिश जहाजं जळताना दिसत होती. माणसांनी नाश्ता केला, मग उरलेली लढाई.

आता त्या सुरळीकडे परत येऊ. पर्सी स्कॉट नावाचा ब्रिटिश कप्तान होता, स्वभावाने खडूस, वरिष्ठांना नकोसा, हाताने मात्र कसबी. जहाज हलतं म्हणून निशाण निसटतं, मग जहाजाबरोबर तोफही उलट दिशेला हलवत ठेवली तर? म्हणजे वाट बघायचीच नाही. दुर्बिणीतली रेघ सतत निशाणावर चिकटवून ठेवायची आणि तोफ भरून झाली की कधीही बार काढायचा. लाँचमध्ये मीही शेवटी हेच केलं. कोपर कठड्यावरून उचललं, आणि बोया सुरळीत राहिला.

तोफेचं कोपर उचलायला स्कॉटने तीन-चार साध्या गोष्टी केल्या. नळी वर-खाली करायच्या चाकाचे दाते बदलले, म्हणजे चाक थोडं फिरवलं तरी नळी झरझर हलावी. दुर्बीण आधीही होती, पण काही तोफांवर ती नळीबरोबरच मागे यायची आणि डोळा फुटायच्या भीतीने तिला कुणी डोळा लावत नसे. ती न हलणाऱ्या भागावर हवी. उंचीचा नेम एकाने सांभाळायचा, दिशेचा दुसऱ्याने. आणि सराव? गोळे महाग, शिवाय बाराच्या धुराने पांढराशुभ्र रंग खराब होतो म्हणून कित्येक अधिकाऱ्यांना सराव नकोच असायचा. मग स्कॉटने तोफेसमोर एक पाटी बसवली. तिच्यावरचा कागदी ठिपका वर-खाली सरकत राहायचा, गोलंदाजाने चाक फिरवत त्याचा पाठलाग करायचा आणि घोडा ओढला की पेन्सिलीने कागदावर टिंब उमटायचं. एक पैशाची दारू न जाळता बंदरात उभ्या उभ्या दिवसभर नेम.

१८९९ च्या वार्षिक बक्षिसाच्या नेमबाजीत त्याच्या ‘सिला’ या क्रूझरने ७० पैकी ५६ गोळे लावले, शंभरात ८०. बाकीच्या आरमाराची सरासरी तिशीच्या आसपास होती. हे ठरलेल्या अंतरावरचं, सुमारे दीड किलोमीटरचं निशाण, आणि तोफाही ६ इंचांपर्यंतच्या. चार-पाच किलोमीटरवर प्रश्न वेगळा होतो. तिथे गोळा चढून तिरका खाली येतो, म्हणून अंतर थोडं चुकलं तरी तो अलीकडे नाही तर पलीकडे पडतो. जवळून मारलेला सपाट गोळा तेवढी चूक पोटात घालतो. मनिलात ब्रॅडली फिस्क हा अधिकारी ‘पेट्रेल’ या अमेरिकी जहाजाच्या डोलकाठीवर लाकडी फळीवर उभा राहून शत्रूच्या जहाजाच्या डोलकाठीच्या कोनावरून अंतर काढून सांगत होता, ते याचसाठी. टॉर्पेडोच्या धास्तीने जहाजं एकमेकांपासून जसजशी लांब राहू लागली, तसं हे अंतराचं गणित पुढच्या शतकात मुख्य होऊन बसलं.

स्कॉटची विद्या अमेरिकेत नेली ती विल्यम सिम्स या तरुण अधिकाऱ्याने. चीनच्या समुद्रात तो स्कॉटला भेटला, सगळं शिकला आणि वॉशिंग्टनला अहवालांवर अहवाल पाठवू लागला. तिथल्या तोफखाना विभागाने शेवटी चाचणी घेतली. वॉशिंग्टनच्या गोदीत, पक्क्या जमिनीवर तोफ ठेवली, पाच माणसं चाकाला जुंपली आणि निष्कर्ष काढला की इतक्या वेगाने नळी वर-खाली करणं अशक्य. सिम्सने कळवलं की जमिनीवर माणसांना अख्खी नळी हलवावी लागते. समुद्रात नळी आपल्या जडपणाने जागीच राहू पाहते, तिच्याखालून हलतं ते जहाज. गोलंदाजाने तिला जहाजाबरोबर जाऊ द्यायचं नाही, एवढंच. उत्तर येईना, तेव्हा त्याने सगळी उतरंड ओलांडून थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं. १९०२ मध्ये त्याला नेमबाजीचा निरीक्षक करून परत बोलावलं गेलं.

१८९९ मध्ये पाच अमेरिकी जहाजांनी दीड किलोमीटरवरच्या एका जुन्या दीपनौकेवर (तरंगत्या दीपगृहावर) प्रत्येकी पाच मिनिटं मारा केला होता. पंचवीस मिनिटांत दोन गोळे तिच्या शिडांतून गेले. सहा वर्षांनंतर त्याच अंतरावर एका गोलंदाजाने एका मिनिटात पंधरा लावले.